पहारेकऱ्याच्या पाठीवर

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे पुढचं किती मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी देवाजी. राहणार रिसाली, म्हणजे हिंदी मुलखात, मूळ गाव भंडाऱ्याकडचं. पोलादाच्या प्लांटात एकतीस वर्षं गॅस सेफ्टीत आहे. कँटीनमध्ये माझ्याबद्दल सांगतात की एकदा माझ्या शिंकेनं कोक ओव्हनचं, म्हणजे कोळशाच्या भट्टीचं, दार उघडलं. असंही सांगतात की एका मे महिन्यात मी हेल्मेटमध्ये भात शिजवला, सहा जण जेवले आणि वर भात उरला. आणि देवाजीला कार्बन मोनॉक्साइडचा वास येतो, हेही सांगतात. हे सगळं मीच पसरवलं आहे. भात खरा आहे, जेवायला दोनच जण होते. वासाची गोष्ट मात्र साफ खोटी, कारण त्या गॅसला वास नसतोच. तो येतो, रक्तात बसतो, आणि माणूस दुपारी जरा आडवा झाल्यासारखा दिसतो. असे आडवे झालेले दोघे मी माझ्या खांद्यावर बाहेर आणले आहेत. त्यात फेकाफेक नाही.

हे मी एचआयव्हीबद्दल लिहितो आहे. ज्याला नुकतंच कळलं आहे आणि जो दार लावून बसला आहे, त्याच्यासाठी. दार उघड, बावा. आत काही नाही, सगळं बाहेरच आहे.

लाल टॅग

माझं काम सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. एखाद्या पाइपात, टाकीत दुरुस्ती असली की सगळ्यांच्या आधी गॅसवाला जातो. मीटर घेऊन आत शिरतो, सगळे कोपरे चाचपतो, बाहेर येऊन सांगतो, आत काय आहे. मग त्या लाइनचा वॉल्व्ह बंद करायचा आणि त्याला लाल टॅग लावायचा. टॅगवर लावणाऱ्याचं नाव. नियम एकच: ज्यानं लावला त्यानंच काढायचा. साहेब आला, साहेबाचा साहेब आला, तरी दुसऱ्याच्या टॅगला हात नाही, कारण आत माणूस असतो. दुसरा माणूस आत जाणार असेल तर तो पहिल्याच्या बाजूला आपला टॅग लावतो.

आणि वॉल्व्ह चुकला तर? टॅग लागलेला असतो, सगळे बेफिकीर असतात, आणि गॅस चालूच असतो.

पडदा

ताप दीड महिना उतरला नाही. तोंडात दह्यासारखा पांढरा थर आला. मानेत, बगलेत गाठी झाल्या. वजन इतकं उतरलं की पंखा तीनवर केला की मी सरकत भिंतीला लागायचो. शेवटी सरकारी दवाखान्यात भरती झालो. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी माझ्या पलंगाभोवतीचा पडदा ओढला. त्या वॉर्डात पडदा ओढला म्हणजे लुंगी सोडायची, एवढं मला समजलं होतं. मी गाठ सोडायला लागलो.

"रहने दो, देवाजी," डॉक्टर म्हणाले. मग आवाज लहान करून त्यांनी ते तीन अक्षरांचं नाव घेतलं. म्हणाले, दवा है, घबराना नहीं. आणखीही काही म्हणाले असतील.

मला ऐकू आलं नाही, कारण मला वास आला. एकतीस वर्षं ज्या गॅसच्या वासाची थाप मारली, तो वास. ओल्या लोखंडाचा, जरा गोडसर. पडद्याच्या आत तो माझ्या मानेपर्यंत चढला. मी डॉक्टरांना विचारलं, "आपको आ रहा है?" त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला.

वनिता, म्हणजे माझी बायको, तेव्हा खाली चहा आणायला गेली होती. ती वर आली तेव्हा मी तिला सांगितलं, गाठींचा ताप आहे, लांबेल. तिनं चहा बशीत ओतून दिला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी थाप ती, आणि तीच सगळ्यात जड निघाली.

दोनचा भोंगा

आता जे सांगतो त्यात एक अक्षर वाढवलेलं नाही. माझ्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, मला माहीत आहे.

दुपारी दोनला प्लांटचा भोंगा वाजतो, शिफ्ट बदलते. त्या दिवशी भोंगा वाजला आणि वॉर्डाच्या दारातून एक जण आत आला. आमच्यासारखाच, निळे कपडे, हेल्मेट. बाहेर उन्हानं सगळं पांढरं झालं होतं, तरी त्याच्या पायाशी सावली नव्हती. मला वाटलं, ड्यूटी संपवून कोणी भेटायला आला. मग त्याचे हात दिसले. बाह्यांमधून दोन हात निघाले होते, आणि काखेतून, कमरेतून, मानेमागून अजून निघत होते, लांब, बारीक, बाभळीच्या फांद्यांसारखे. तो पलंगापलंगावरून चालला आणि त्या हातांनी सगळं हळूच चाचपत गेला. चादरी, सलाइनच्या नळ्या, झोपलेल्यांचे ओठ. काम चोख होतं. मी त्याच धंद्यातला, मला समजतं.

माझ्यापाशी येऊन तो वळला. त्याच्या पाठीवर काहीतरी होतं. लहान, गोल, काट्याकाट्यांचं, धोत्र्याच्या बोंडासारखं. त्याला ते माहीत नव्हतं. तो मला समोरच्या हातातला एक तुकडा दाखवत होता, मोठ्या अभिमानानं, जसा मी मीटरचा आकडा दाखवतो. आणि पाठीवरचं ते बोंड त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे वाकून पाहत होतं. त्याला डोळे नव्हते, तरी पाहत होतं.

मग तो माझ्या मानेकडे वाकला, जिथं गाठ होती तिथं. आणि आत गेला.

मी ओरडलो. नर्स आली. ताप एकशे चार होता. पुढचे आठ दिवस भोंगा वाजला की तो यायचा. ताप शंभरावर आला तरी यायचा.

किती हात

दवाखान्यातून सुटी झाल्यावर मला औषधाच्या सेंटरवर पाठवलं. तिथं समुपदेशनाच्या मॅडम होत्या, माहेरच्या गोंदियाच्या. माझी बोली ऐकून त्यांची खुर्चीच पुढे सरकली.

"विचारा दादा, काही विचाराचं असंन त."

"हा माणसाच्या आत शिरते तरी कसा? आत कोणी पहाऱ्याले नसते का?"

"असते ना! कातडीखाली, तोंडात, आतड्यात, सगळीकडे पहारेकरी पेशी बसल्या असते. डेंड्रिटिक पेशी म्हणतात त्याइले. झाडाच्या फांद्यांसारखे हात असते."

मी त्यांना त्या दुपारचं काहीच सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं.

"किती हात?"

"कोणं मोजले? काऊन?"

"असंच."

"त्या हातांनं ते येणाऱ्या-जाणाऱ्याले चाचपून पाहतात," मॅडम म्हणाल्या. "जंतू सापडला की त्याचे तुकडे करतात, एक तुकडा घेऊन गाठीत जातात. तुमच्या मानेत हाय तशी गाठ. ती चौकी समजा. तिथं सैनिक पेशी बसल्या असते. त्याइले तुकडा दाखवतात, हा पाहा, असा दिसते, उठा. मंग सैनिक उठते. दुसऱ्या जंतूंत हेच चालते, म्हून त आपण जिवंत हावो."

"आन याच्यात?"

"याच्यातबी चालते, पण अर्धंच. काही विषाणू तुटतच नाही. अख्खेच्या अख्खे पहारेकऱ्याच्या अंगाले चिपकून राहतात. पहारेकरी बिचारा आपली ड्यूटी करते, चालत चालत चौकीत जाते. आन याले जे सैनिक पाहिजे असते, ते तिथंच बसले असते."

"म्हणजे जो पकडते, तोच घेऊन जाते."

"तोच घेऊन जाते. त्याले सोताले फारसं होत नाही. म्हून त्याले समजतबी नाही, आन घंटीबी तो पाहिजे तशी वाजवत नाही."

खिडकीबाहेर ऊन तापलं होतं. मी मानेच्या गाठीवर बोट ठेवलं. आत काहीतरी हळूच सरकलं. शीर असेल, नाही तर दुसरं काही. मी बोट काढून घेतलं.

मॅडमनं गोळ्यांची बाटली दिली. रोज एक, वेळ चुकवायची नाही. विषाणू पूर्ण निघून जात नाही, कुठंतरी दबून बसतो, पण वाढायचा थांबतो. रक्तात दिसेनासा झाला आणि तसाच राहिला की सोबतच्या माणसालाही शरीरसंबंधातून जात नाही. तोवर जपायचं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वहिनीची तपासणी?"

"करतो ना."

"कधी?"

"याच हप्त्यात," मी म्हणालो, आणि बाहेर येऊन स्कूटरवर बसलो, आणि किल्ली लावायची विसरून किक मारत राहिलो.

कारण आता मला समजलं होतं, तो अनेक हातांचा माणूस कोण. एकतीस वर्षं मी सगळ्यांच्या आधी आत शिरलो, चाचपलं, बाहेर येऊन आकडा सांगितला. आणि ड्यूटी संपली की घरी आलो, वनिताच्या बाजूला झोपलो. पाठीवर काय होतं, कधीपासून होतं, ते मी वळून पाहिलं नव्हतं.

गिलास

आता माझी चूक. ही चूक करायला गॅसवालाच पाहिजे, दुसऱ्याला सुचणार नाही.

मी वनिताला काही सांगितलं नाही. डब्यातून लाल टॅग काढले आणि माझ्या स्टीलच्या गिलासाला तारेनं एक बांधला. ताटाला एक, अंग पुसायच्या दुपट्ट्याला एक. त्यावर माझं नाव. खोकल्याचं निमित्त करून खाट बाहेरच्या खोलीत टाकली. वनिता चुलीपाशी उभी राहून पाहत होती.

"हे का?"

"डॉक्टरनं सांगितलं. गाठीचा ताप हाय. भांडे अलग."

"बरं," ती म्हणाली.

मॅडमनं मला तीनदा समजावलं होतं की गिलासानं होत नाही, ताटानं होत नाही, एका पलंगावर बसल्यानं होत नाही. वेगळा ठेवायचा तो वस्तरा, त्याला मी टॅग लावलाच नाही. पण टॅग लावला की माणसाला वाटतं, काम झालं. करायचं ते एकच होतं, तिला सेंटरवर घेऊन जायचं. आणि ते सोडून मी घरभर टॅग लावत फिरलो. प्लांटात असं कोणी केलं असतं तर मी त्याला गेटाबाहेर काढलं असतं. वॉल्व्ह दुसरा बंद केला, आणि चालू लाइनीत माणूस उभा ठेवला.

तब्बल चार महिने.

पद्मनाभपुरातून, म्हणजे सासरून, मुलगी यायची, टॅग पाहून म्हणायची, बाबांनी घराचा प्लांट केला. वनिता हसायची. माझं तोंड साफ झालं, वजन परतलं, पँटला पट्टा लागेनासा झाला. गोळी लागू पडली होती. पण दुपारी दोनला भोंगा वाजला की ओसरीत ऊन असायचं आणि उन्हात तो उभा असायचा. आता ताप नव्हता. तो माझ्याकडे येत नव्हता. स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबून, सगळे हात चौकटीला लावून, आत पाहायचा. आत वनिता भाकरी थापत असायची.

एक दिवस मी पाणी प्यायला उठलो, आणि फळीवर माझ्या गिलासाच्या बाजूला वनिताचा गिलास होता, आणि त्यालाही लाल टॅग होता. मी तो लावला नव्हता.

भोंगा नुकताच वाजून गेला होता. पाठीमागे ओसरीत काहीतरी हललं. मला वाटलं, झालं. त्यानं आत जाऊन पाहिलं आणि खूण करून गेला. माझ्या हातातला लोटा खाली पडला, आणि तो आवाज घरात कितीतरी वेळ फिरत राहिला.

ओसरीतून वनिता आत आली. हातात धुण्याचा पिळा.

"हे कोणं लावलं?" मी विचारलं.

"वाचा ना. लिहा-वाचाले येते तुमाले."

टॅगवर तिचं नाव होतं. तिच्याच अक्षरात, किराण्याच्या यादीसारखं.

"काऊन लावलं?"

"तुमी काऊन लावलं?"

मी तोंड उघडलं. एरवी माझ्या तोंडातून गोष्ट अशी निघते की थांबवायला माणूस लागतो. आता मी वाकून लोटा उचलला.

"बाटली भेटली मले," ती म्हणाली. "जुन्या बुटात. पयल्याच महिन्यात. मोबाईलवर नाव टाकून पाहिलं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"माहा बापबी प्लांटातलाच होता अवो. दुसऱ्याचा टॅग आपण काढाचा नसते. ज्यानं लावला त्यानंच काढाचा. मी वाट पाहून राहिली होती. आज काढन, उद्या काढन." तिनं पिळा बादलीत टाकला. "आता मीबी अंदर हावो ना? म्हून माहा लावला."

मी खाली बसलो. तीही बसली, जरा दूर.

"कोठून आला हा?" तिनं विचारलं.

इतरांना मी याच्या सात गोष्टी सांगितल्या आहेत: न्हाव्याचा वस्तरा, दवाखान्याची सुई, रक्ताची बाटली. एकात तर अस्वलही होतं. वनिताला मी खरं सांगितलं. ते इथं लिहिणार नाही. ते ऐकण्याचा हक्क जिचा होता तिनं ऐकलं. मग म्हणाली, "उद्या घेऊन चला मले. आन माहा जीव टांगता ठेवला ना, तो हिशेब अलग हाय."

बाक

दुसऱ्या दिवशी तिचं रक्त घेतलं. नियम असा की निकाल ज्याचा त्यालाच, एकट्याला सांगतात. नवऱ्यालाही नाही. मॅडमनं तिला आत बोलावलं, मी बाहेर बाकावर.

तो बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. भोंग्याला वेळ होता, सकाळचे साडेअकरा वाजले होते. समोरची बाई छातीशी फाइल धरून बसली होती, तिला तो दिसत नसावा. मला तोच ओल्या लोखंडाचा वास आला. त्याचा एक बारीक हात माझ्या गुडघ्यावर होता, आणि त्या हाताला वजन नव्हतं. मग तो उठला आणि वनिता गेली त्या दारातून आत गेला. दार उघडलं नाही. तो गेला.

मी आयुष्यात पुष्कळ दारांबाहेर उभा राहिलो आहे, माणसं आत असताना. आत गेलेल्याच्या कमरेची दोरी ओढून पाहायची, तिकडून एक झटका आला की माणूस जिवंत. इथं दोरी नव्हती.

दार उघडलं. वनिता बाहेर आली. दार हळूहळू मिटलं. तिच्या मागून कोणी आलं नाही.

"काय निघालं?"

"चला," ती म्हणाली.

"वनिते, काय निघालं?"

"तुमाले चार महिने लागले. मले एक दुपार त पुरू द्या."

भेंडी

सरळ घरी न जाता तिनं स्कूटर रिसालीच्या बाजारात थांबवायला लावली. तिथं तिनं भेंडी निवडायला घेतली. एक उचलायची, टोक मोडून पाहायची, ठेवायची. त्या दिवशी तिनं मोडलेल्या भेंडीत एक अख्खी बारात जेवली असती. मग टमाटे. मग मिरची. मग परत भेंडीकडे. मी पिशवी धरून मागे. मीटरचा काटा अंधारात वाचणारा माणूस मी, आणि भरदुपारी मला माझ्या बायकोचं तोंड वाचता येईना. दोनचा भोंगा वाजला. मी चारी बाजूंना पाहिलं. बाजारात नुसती माणसं होती, प्रत्येकाला दोन-दोन हात.

वांग्यांच्या ढिगापाशी ती थांबली.

"माह्यात नाही निघालं," ती वांग्यांकडे पाहत म्हणाली. "तीन महिन्यांनं अजून एकदा पाहू म्हणते बाई."

(तीन महिन्यांनी पाहिलं. तेव्हाही नाही निघालं. तुमचा जीव टांगता ठेवत नाही, मला त्याची शिक्षा मिळून चुकली आहे.)

मी टमाट्यांच्या रिकाम्या क्रेटवर बसलो. "मंग तिथंच काऊन नाही सांगितलं वं? माहा जीव गेला होता."

"आधी त तुमाले सजा द्याची म्हून नाही सांगितलं." तिनं एक वांगं उचललं, उगाच फिरवून पाहिलं. "मंग भेंडीपाशी सांगाले गेली, त जमेच ना. टमाट्यापाशीबी नाही जमलं. मले खुशी होऊन राहिली होती अवो. लय खुशी. तुमच्या देखत कशी करू? तुमचं त तसंच हाय." ती थांबली. "तवा समजलं मले, सांगणं काऊन नाही जमत ते."

"कतका तउलंव, दीदी?" भाजीवालीनं तराजू उचलून किती तोलू ते विचारलं.

वनितानं हातातलं वांगं तराजूत टाकलं.

"कर ना खुशी," मी म्हणालो. "मीबी करतो तुह्यासंग."

तिनं आधी इकडं-तिकडं पाहिलं, चोरी करताना पाहावं तसं. मग पदर तोंडाला लावला आणि हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं, आणि ते थांबेना. भाजीवाली तराजू हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली. मी तिला सांगितलं, अर्धा किलो.